रोस्ट घरचा, भट्टी बेकरीची : गिरगाव ते लालबाग, पोर्कच्या एका जेवणाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. रविवारचं दुपारचं जेवण. एक किलो डुकराचं मटण, चरबीसकट. मीठ, मिरी, आलं-लसूण, थोडा व्हिनेगर, सोबत बटाटे. रात्री मसाला चोळून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी अर्धा तास आधी बाहेर काढायचं, ओव्हन १८० अंशांवर तापवायचा, किलोभराच्या तुकड्याला साधारण दीड तास द्यायचा. बाहेर काढल्यावर लगेच सुरी लावायची नाही, दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे रस आतच राहतो. झालं. आज दादरच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये हे होऊ शकतं.

पण या कृतीत एक शब्द असा आहे की तिथे इतिहासाला थांबावंच लागतं. तो शब्द पोर्क नाही. ओव्हन.

गंमत बघा. मुंबईतल्या ज्या घरांत पोर्क रोस्ट पिढ्यान् पिढ्या होतोय, म्हणजे ईस्ट इंडियन आणि गोवेकर ख्रिस्ती घरांत, तिथे 'रोस्ट' म्हटलं की बहुतेक वेळा ओव्हनमधला पदार्थ नसतोच. जाड बुडाच्या टोपात मांस चांगलं लाल करून घ्यायचं, थोडं पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचं, शेवटी पाणी आटवून पुन्हा परतायचं, आणि मग काप करून वाढायचे. इंग्रजी अर्थाने हा रोस्ट नव्हे. तरी नाव रोस्ट. असं का झालं असावं? माझं म्हणणं असं आहे की हे नाव विलायती स्वयंपाकघरातून आलं, पण त्या स्वयंपाकघरातली भट्टी काही सोबत आली नाही. ती का आली नाही, हे पाहायला लागलो की गिरगाव, दादर, परळ, लालबाग या चारही ठिकाणच्या घरांचा इतिहास उलगडायला लागतो.

आधी माणसांबद्दल. 'पोर्क काही मराठी घरात होत नाही' असं आपण सहज बोलून जातो. ईस्ट इंडियन समाज हा इथलाच, साष्टी, वसई आणि मुंबई बेटांवरचा. घरातली बोली मराठीची. १५३४ च्या वसईच्या तहाने ही बेटं पोर्तुगीजांकडे गेली आणि इथल्या कोळी, कुणबी, भंडारी अशा वेगवेगळ्या जातींतली माणसं ख्रिस्ती झाली. १६६५ मध्ये मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढे गोव्याहून ख्रिस्ती लोक नोकरीसाठी येऊ लागले, तेही 'पोर्तुगीज ख्रिश्चन' म्हणवले जाऊ लागले, तेव्हा इथल्यांनी स्वतःला वेगळं नाव घेतलं. साल १८८७, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचं. ईस्ट इंडिया कंपनीवरून 'ईस्ट इंडियन'. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे लोक, आणि नाव पूर्वेचं! नावात सरकारी नोकरीचं गणित होतं, पण घरात बाटली मसाला, फुगिया, इंद्याल आणि सरपोतेल चालूच होतं. इंद्याल म्हणजे तोच पोर्तुगीज 'व्हिन्या द आल्यूश', लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेलं मांस, त्यात इथला मसाला. तेव्हा पोर्क मराठी घरात होत नाही, हे वाक्य दुरुस्त करून घ्या. मराठी घरात होतं, फक्त आपण त्या घराला मराठी म्हणत नव्हतो.

आता घरं. गिरगावातली खोताची वाडी तुम्ही पाहिली असेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या. लाकडी जिने, पडव्या, मागे अंगण. जवळच केशवजी नाईकांची चाळ, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. एकीकडे सेंट तेरेसाचं चर्च, दुसरीकडे ठाकूरद्वार. खोताच्या वाडीत मागच्या अंगणात चूल पेटवायला जागा होती, हे लक्षात ठेवा. कारण त्या काळात घरात 'भाजायचं' तर एकच पद्धत होती. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. ही युक्ती फक्त ख्रिस्ती घरांची नाही हं. शेजारच्या पाठारे प्रभूंचं कोलंबी-कोबीचं भानोलं याच पद्धतीने होत असे, नानकटाईही. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' आलं. ते याच मुंबईतलं, मांस-मासळीने भरलेलं मराठी पाकपुस्तक. ओव्हन नसलेल्या शहरानं ओव्हनचं काम कसं भागवलं हे समजायला झाकणावरचे निखारे पुरेसे आहेत.

पण पाच किलोचा फरा, किंवा नाताळला अख्खं पिल्लू, निखाऱ्यांवर कसं करणार? तिथे बेकरी लागते.

पाव मुंबईत रुजवण्यात गोव्याच्या पाववाल्यांचा मोठा हात, पुढे इराणी आले. विटांची मोठी घुमटी भट्टी, लाकडावर तापवलेली. आता या भट्टीचा स्वभाव समजून घ्या, कारण माझ्या मते सगळी गोष्ट त्यातच आहे. पावासाठी भट्टी खूप तापवावी लागते. पहाटेचा पाव निघाला की आग काढून घेतली तरी विटा तासन् तास तापलेल्या राहतात, हळूहळू निवत जातात. ही उतरती आच पावाला कामाची नाही. मांसाला मात्र तीच हवी. सुरुवातीला जोरकस, म्हणजे वरची कातडी कुरकुरीत व्हायला लागते, मग मंद, म्हणजे आतली चरबी वितळत राहते. जी उष्णता एरवी वाया जाणार, तिच्यात वस्तीचं जेवण शिजतं. बेकरीवाला थोडे पैसे घेणार, कधी नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून घेणारही नाही. मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळच्या आदल्या दिवशी केकचे डबे आणि रोस्टचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीकडे जाणारी माणसं हे वर्षानुवर्षांचं दृश्य. ट्रेवर खूण करायची, नाहीतर अदलाबदल ठरलेली.

हे काही मुंबईचंच वैशिष्ट्य नाही. डिकन्सची १८४३ ची नाताळची गोष्ट वाचली असेल तर आठवेल, त्यात लंडनचे गरीब लोक आपलं जेवण बेकरीत भाजायला घेऊन जातात, क्रॅचिट कुटुंबाचा हंससुद्धा बेकरीतच भाजून येतो. म्हणजे ज्या इंग्रजांकडून आपण 'रोस्ट' शब्द घेतला, त्यांच्या गरिबांकडेही ओव्हन नव्हता. ओव्हन साहेबाच्या बंगल्यात. परळचंच उदाहरण घ्या. आज जिथे हाफकिन संस्था आहे ती वास्तू मुळात पोर्तुगीज काळातलं धर्मस्थान, मग मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान, आणि १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा. अशा बंगल्यांत आणि जहाजांवर रोस्ट करणारे हात बरेचदा गोवेकर बटलर आणि स्वयंपाक्यांचे. तोच माणूस सुट्टीच्या दिवशी धोबीतलावच्या आपल्या कुडात परत यायचा. कूड म्हणजे गावागावाचे क्लब, एका खोलीत ओळीने पेट्या, भिंतीवर क्रूस. दुसऱ्याच्या ओव्हनचा उस्ताद, स्वतःच्या खोलीत एक स्टोव्ह.

बेकरीच्या बाबतीत एक नाजूक मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. केक कुठल्याही भट्टीत जाऊ शकतो, डुक्कर नाही. भट्टी मुसलमान मालकाची असेल तर तो ट्रे तिथे नेण्याचा प्रश्नच नव्हता, आणि कुणी नेतही नसे. हे न सांगता पाळलं जायचं. त्यामुळे पोर्कसाठी ख्रिस्ती पाववाल्याची भट्टी जवळ असणं महत्त्वाचं. ती बंद पडली की केकची सोय दुसरीकडे होई, पोर्क मात्र टोपात परत येई. माझ्या मते टोपातल्या 'रोस्ट'चं एक कारण हेही आहे.

दादरला पोर्तुगीज चर्चचा परिसर, म्हणजे अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन, सोळाव्या शतकातली स्थापना, आत्ताची इमारत चार्ल्स कोरियांची. इथेही जुनी ख्रिस्ती वस्ती, त्यामुळे गोष्ट गिरगावसारखीच. लालबाग-परळची मात्र वेगळी. तिथे गिरण्या, आणि गिरणी कामगारांची खोली. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फूट. त्यात घर, मोरी, चूल, पाहुणा. तिथे ओव्हन हा शब्दच विनोदी. आणि तिथला मोठा वर्ग कोकणातला, घाटावरचा, ज्यांच्या ताटात पोर्क नव्हतंच. रानडुकराची शिकार म्हणजे मर्दुमकी आणि गावडुक्कर म्हणजे विटाळ, असा आपला जातीचा हिशोब. गावकुसाबाहेरच्या ज्या जातींनी डुक्कर पाळलं आणि खाल्लं, त्यांच्या कृती छापील पाकपुस्तकांत शोधून पाहा, हाताला फारसं काही लागणार नाही. ख्रिस्ती माणसाचं पोर्क 'फॅशन' आणि दलित माणसाचं पोर्क 'घाण', हा भेद मुंबईने अगदी सहज पचवला.

लालबागबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८६० च्या दशकात बॉम्बे गॅस कंपनी आली, रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. गॅसचा कारखाना कुठे? लालबागला. आजही तिथे गॅस कंपनी लेन आहे. म्हणजे दगडी कोळशापासून गॅस तयार होणार लालबागमध्ये, नळ जाणार दक्षिणेकडच्या रस्त्यांना आणि पैसेवाल्यांच्या स्वयंपाकघरांना, आणि कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या खोल्यांत कोळशाची शेगडी, पुढे रॉकेलचा स्टोव्ह. सिलिंडरचा गॅस बर्मा शेलने मुंबईत आणला तो १९५५ मध्ये, आणि चाळीत तो पोचायला आणखी काळ गेला.

मग विजेचा ओव्हन. इथे लोक म्हणतात, महाग होता म्हणून उशिरा आला. मला हे अर्धंच खरं वाटतं. साधा हिशोब करू. घरातला नेहमीचा प्लग पाच अँपिअरचा. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम साडेअकराशे वॉट मिळतात. ओव्हन मागतो बाराशे ते पंधराशे. म्हणजे वेगळा पंधरा अँपिअरचा पॉइंट हवा, वेगळी वायर हवी, आणि जुन्या चाळीत त्यासाठी घरमालकाची परवानगी हवी. तो दुरुस्तीलाच हात लावत नाही, तिथे पॉवर पॉइंट कसला देतो! म्हणून मधल्या काळात झाकणाला काचेची खिडकी असलेले ते गोल अ‍ॅल्युमिनियमचे ओव्हन आले. त्यात केक व्हायचा. एक किलोचा चरबीदार तुकडा ठेवला की धूर.

आणि धूर म्हणजे वास. टोपातल्या रोस्टचा वास घरात राहतो, ओव्हनमधली वितळलेली चरबी जिन्यापर्यंत जाते. वाडीत तो वास ओळखीचा होता. वाडीतली घरं पाडून टॉवर उभे राहायला लागले, तशी शेजाऱ्यांची नवी यादी तयार झाली. कागदावर कुणी लिहीत नाही, पण जागा दाखवताना 'तुम्ही व्हेज ना?' हा प्रश्न या शहरात कोकणी मासळी खाणाऱ्यालाही विचारला जातो, मग पोर्कवाल्याचं काय विचारता. खोताच्या वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास जुनी घरं होती, आज त्यांच्या निम्मीही नाहीत. ज्या वेळी घराघरात पंधरा अँपिअरचा पॉइंट आला, नेमकं त्याच वेळी दार-खिडक्या बंद करून रोस्ट करायची पाळी आली.

एक भीतीही सांगतो, कारण कृतीवर तिचा परिणाम झालाय. टेपवर्म. पूर्ण शिजलेल्या पोर्कमध्ये तो जगत नाही. मेंदूत गाठी होण्याचा जो आजार सांगितला जातो तो कृमीच्या अंड्यांमुळे, माणसाच्या मैल्याने दूषित झालेलं पाणी किंवा कच्ची भाजी पोटात गेल्याने होतो. म्हणजे शुद्ध शाकाहाऱ्यालाही होऊ शकतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्याच्या आतलं तापमान ७१ वरून ६३ अंशांवर आणलं, वर तीन मिनिटं थांबायला सांगितलं. आपल्याकडच्या आजीला हे ऐकवू नका. तिचा रोस्ट काट्याने सुटायलाच हवा.

आता आजचं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेकडे वळायला सांगितलं, महापालिकेने नोटिसा काढल्या. भंगारातलं रंगवलेलं लाकूड जाळलं जातं, त्या धुराचा त्रास शेजारच्यांनाच होतो, त्यामुळे निर्णयाला नावं ठेवणं मला जमत नाही. पण भट्टी बदलली की काय बदलतं ते नीट पाहा. विजेचा डेक ओव्हन बटण बंद केलं की थोड्या वेळात निवतो. त्याच्याकडे वाया जाणारी आच फार उरत नाही. तुमचा ट्रे त्यात ठेवायचा तर बेकरीवाल्याला दीड-दोन तास युनिटं जाळावी लागतील आणि त्याचं बिल तुमच्याकडून घ्यावं लागेल. एवढे पैसे द्यायचे तर माणूस घरीच ओव्हन घेईल. काही जुन्या बेकरीवाल्यांनी विटांची भट्टी तशीच ठेवून आत गॅसचा बर्नर बसवला, तर विटा तापतील, उतरती आचही राहील. किती जण तो खर्च करू शकतात, ते येत्या दोन-तीन नाताळांत कळेल. तुमच्या भागात अशी भट्टी चालू असेल तर मालकाला एवढंच विचारा, की पाव काढल्यावर ट्रे घेता का, आणि किती वाजता आणायचा.

प्रश्न असतील तर घेऊया.