दर्यात गेलेल्याचं नाव कुठे कोरायचं?

"दगडांच्या झिजेवर पीएचडी, म्हणजे नक्की काय करतेस?" हा प्रश्न मला घरापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे विचारतात. एका वाक्यात सांगायचं तर, कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या दगडांवरची अक्षरं का पुसली जातात आणि ती अजून किती वर्षं वाचता येतील, हे मी शोधते. विषय तसा रसायनशास्त्राचा आणि भूगर्भशास्त्राचा. पण अक्षरं म्हटली की नावं आली, आणि नावं म्हटली की माणसं. त्यामुळे आजची पोस्ट प्रयोगशाळेपेक्षा इतिहासाकडे जास्त झुकलेली आहे. विषय आहे लढाईत, लष्करात, आरमारात गेलेली माणसं आणि मागे राहिलेल्यांनी जपलेली त्यांची आठवण.

पूर्णगडापासून सुरुवात करू. रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेला आलं की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे हा छोटासा किल्ला लागतो. वर उभं राहिलं की एका बाजूला खाडी, पलीकडे गावखडीचा किनारा आणि समोर मोकळा अरबी समुद्र. या पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या दोन वाटांनी बाहेर पडली: पलटणीत किंवा जहाजावर. पलटणीत गेलेला मेला तर निदान कुठल्यातरी मातीत मेला, असं म्हणता येतं. जहाजावरचा गेला तर मातीही नाही. मग त्याची आठवण ठेवायची कशावर?

इथे माझा दगड येतो. कोकणचा हक्काचा दगड म्हणजे जांभा. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात हा दगड पाहून त्याला 'लॅटेराइट' म्हटलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव अगदी चपखल आहे, कारण जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनेही तासता येतो, आणि हवेत राहिला की घट्ट होतो. घराला, विहिरीला, गडग्याला याच्यासारखा दगड नाही. पण तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा, भोकाभोकांचा. त्यावर बारीक अक्षर कोरता येत नाही आणि कोरलं तरी टिकत नाही. म्हणजे आपल्या पायाखालचा दगड नाव धरून ठेवणारा नाही. नाव कोरायचं तर काळा दगड, नाहीतर बाहेरून आणलेला संगमरवर हवा. त्यासाठी पैसा लागतो, आणि पैसा आला की कोणाचं नाव कोरायचं हे ठरवणारा माणूसही येतो. पुढची सगळी गोष्ट त्या ठरवण्याची आहे.

आपल्याकडचं सगळ्यात जुनं 'युद्धस्मारक' म्हणजे वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला कलश. समुद्रावरच्या लढाईचे वीरगळ पाहायचे असतील तर बोरिवलीजवळच्या एक्सरला जावं लागतं. तिथे वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं एकमेकांवर चाल करून जाताना कोरली आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचे यादव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या आरमारी लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. जहाजं आजही ओळखू येतात. लेख मात्र झिजलेले आहेत. माझ्या विषयाच्या भाषेत हे सोपं आहे: खोल कोरलेली आकृती शतकानुशतकं तग धरते, उथळ अक्षर आधी जातं. साध्या भाषेत सांगायचं तर पराक्रम उरला, नाव गेलं.

नाव उरलं तर काय होतं, याचं उदाहरण कोरेगाव भीमाचा जयस्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तो उभारला, तो स्वतःच्या विजयासाठी. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावंही आली. ४९ नावांपैकी २२ नावं महार सैनिकांची, शेवटी 'नाक' असलेली, म्हणून ओळखू येणारी. मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोकणातले महार मोठ्या संख्येने होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच समाजाची लष्करभरती बंद झाली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा दगडावरची ती नावं शंभर वर्षांपूर्वीच्या मृतांची यादी राहिली नव्हती. तो पुरावा झाला होता. ज्याने दगड उभारला त्याच्या मनात जे होतं, त्यापेक्षा नाव पुढे जातं ते असं.

आता पहिलं महायुद्ध. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्यांत सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरीकडची मुलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत अल अमारा इथे ही फौज वेढ्यात अडकली आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. कैदेतल्या पायपिटीत आणि रोगराईत पुढे आणखी कितीतरी गेले.

युद्धानंतर सरकारने गावोगावी छोट्या पाट्या बसवल्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर तुम्ही कदाचित पाहिली असेल. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. दोन आकडे. नाव एकही नाही.

आणि इराकमध्ये? १९१७ साली स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं तत्त्व फार चांगलं होतं: हुद्दा, वंश, धर्म न बघता प्रत्येक मृताची सारखी दखल. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ४७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं कोरलेली आहेत. पण १९२९ मध्ये बसऱ्याचं स्मारक उघडलं, तेव्हा तिथे हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आली आणि साध्या शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि एक आकडा. तत्त्व तेच, दगडही परवडणारा, तरी नाव नाही. याच संस्थेच्या आजच्या रूपाने, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, २०२१ च्या अहवालात हे उघडपणे मान्य केलं आणि माफी मागितली. मुख्यतः आफ्रिका आणि पश्चिम आशियातले किमान १,१६,००० मृत असे निघाले, की ज्यांची नावानिशी नोंद झालीच नाही, काहींची तर कसलीच नाही.

गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास, त्याच सरकारने मृतांच्या घरी ब्राँझची एक गोल ताटली पाठवली होती. त्यावर फक्त नाव असे, हुद्दा मुद्दाम गाळलेला, कारण मरणात सगळे सारखे. युद्धात भाग घेतलेल्यांना मिळालेल्या पदकांच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे रेघा असतात तिथे, नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असे. म्हणजे बसऱ्याच्या भिंतीवर जे नाव आलं नाही, ते कोकणातल्या एखाद्या फडताळात, कापडात गुंडाळून असू शकतं. पुढे गरजेच्या वेळी चांदीची पदकं मोडीतही गेली. पोटापुढे काय करणार?

दर्यावर्दींचं आणखी वेगळं. रॉयल इंडियन मरीनची भरती दीर्घकाळ मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून होई, आणि त्यात कोकणी मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने असत. व्यापारी जहाजांच्या बॉयलरपाशी आणि डेकवरही हीच माणसं. जहाज बुडालं की कबर नाही. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक जणांसाठी स्मरणग्रंथ आहेत, एक मुंबईत आणि त्याचीच दुसरी प्रत बांगलादेशात चट्टोग्रामला. मुंबईकर त्या भागातून रोज जातात, पण हे स्मारक माहीत असलेले फार थोडे भेटतात.

पण घरच्यांना स्मारकाची वाट बघत बसता येत नाही. देह मिळालाच नाही तर काय करायचं, याचं उत्तर दोन्ही धर्मांनी आधीच शोधून ठेवलंय. हिंदूंमध्ये पालाशविधी आहे: पळसाची पानं आणि दर्भ यांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आणि शाफई मतात दूर मेलेल्यासाठी गायबाना जनाज्याची नमाज मान्य आहे. हनफी मतात ती मान्य नाही. समुद्राशी नातं असलेल्या समाजाला ही मुभा किती मोलाची असेल, याचा विचार करून पाहा. एका किनाऱ्यावर दोन वेगळ्या रीती, पण दोन्हीत एक गोष्ट सारखी. देह नसला तरी चालतो. नाव मात्र उच्चारावंच लागतं.

नंतरच्या काळात नाव ठेवण्याची पद्धत बदलली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत, तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. सोबतचे जवान मारले गेल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली होती. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारलं. देह सापडला नाही, पण नावाला दोन देशांत जागा मिळाली.

आणि ९ डिसेंबर १९७१. दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हँगोर'च्या टॉर्पेडोने आयएनएस खुकरी काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला इतरांना बाहेर काढत राहिले आणि जहाजाबरोबर गेले. दीवला टेकडीवर स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती. पण नौदलाने आणखी एक केलं: 'खुकरी' हे नाव पुढच्या जहाजाला दिलं. ते १९८९ मध्ये सेवेत आलं, २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झालं आणि आता तेही दीवला आहे. जिवंत सोबत्यांनी मेलेल्यांचं नाव रोजच्या हाकेत ठेवायचं, याला दगड लागतच नाही. बत्तीस वर्षं ते नाव हुकमांत आणि घरी पाठवलेल्या पत्रांत होतं.

मग माझ्या संशोधनाचा उपयोग काय? सांगते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वर समुद्राची खारी हवा. मीठ दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हात वाळून त्याचे स्फटिक होतात, ते फुगतात आणि दगडाचा कण सुटतो. संगमरवराचं तर पावसाच्या सौम्य आम्लातही विरघळणं चालूच असतं. हे थांबवता येत नाही, पण वाढवायचं टाळता येतं. त्यामुळे गावात अशी पाटी असेल तर तीन विनंत्या. लिंबू, चिंच किंवा संडास साफ करायचं ॲसिड लावू नका. चकाकी येते ती अक्षराची कड जाऊन येते. वरून ऑइलपेंट फासू नका, आत ओल अडकते. आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च एका बाजूने तिरपा धरून फोटो काढून ठेवा. दुपारी न दिसणारी अक्षरं त्या सावलीत दिसतात.

घरात जुनं पदक असेल तर त्याची कड आधी वाचा, आणि घासायची घाई करू नका. पाटीवरचा आकडा आपण पुसला नाही तरी पुरेसा नाही. आकड्यातल्या एकेकाचं नाव अजून एखाद्या घरात असेल, पदकाच्या कडेवर, पेन्शनच्या कागदावर किंवा एखाद्या आजीच्या बोलण्यात. कागद आणि पदक थोडे दिवस थांबतील. आजीला मात्र या सुट्टीतच विचारा, आणि ती सांगेल ते नाव, गाव, पलटण किंवा जहाज लगेच वहीत लिहून ठेवा.