व्हिनाइल अक्षरांकन, वाहनांवरील

पॉलिव्हायनिल क्लोराइड (पीव्हीसी) या प्लास्टिकच्या रंगीत, मागील बाजूस चिकटद्रव्य असलेल्या पातळ पटलातून अक्षरे कापून ती टेंपो, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, घंटागाड्या, दुरुस्ती पथकांच्या गाड्या इत्यादी कामाच्या वाहनांवर डकवण्याच्या पद्धतीस व्हिनाइल अक्षरांकन म्हणतात. महाराष्ट्रात हे काम बोलीत ‘रेडियमचे काम’ म्हणून ओळखले जाते. या पटलात रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य अर्थातच नसते. संपूर्ण गाडी छापील पटलात गुंडाळण्याची पद्धत याहून वेगळी असून, तीत रंग पटलाच्या पृष्ठभागावर शाईने छापलेला असतो, तर कापीव अक्षरांत तो पटलाच्या संपूर्ण जाडीत मुरलेला असतो. त्यामुळे संरक्षक थर न देताही कापीव अक्षरे छापील मजकुरापेक्षा सामान्यतः अधिक टिकतात.

मुळात कडक व ठिसूळ असलेल्या पीव्हीसीला लवचीक रूप देण्याची रीत बी. एफ. गुडरिच या अमेरिकन कंपनीतील वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये शोधून काढली. संगणकाच्या आज्ञेनुसार पाते फिरवून अक्षरे कापणारी यंत्रे १९८० च्या दशकात प्रचारात आली आणि तोवर ब्रश व इनॅमल रंगाने गाड्या रंगवणाऱ्या पेंटरांचे बरेचसे काम या यंत्रांकडे, म्हणजे प्लॉटरकडे गेले. ट्रकच्या हौद्यावरील व मागच्या फाळक्यावरील नक्षीकाम मात्र अद्याप बऱ्याच अंशी ब्रशनेच होते, कारण लाकडी फळ्यांवर व खडबडीत पत्र्यावर पटल नीट चिकटत नाही.

पटलाचे दोन मुख्य प्रकार त्याच्या घडणीवरून पडतात व टिकाऊपणातील फरकाचे मूळही तेथेच आहे. पहिल्या प्रकारात तापवून मऊ केलेले पीव्हीसी रुळांच्या जोड्यांतून दाबत व ओढत नेऊन त्याचे पटल लाटले जाते. ही ओढ पटलात ताण म्हणून साठून राहते आणि उन्हाने तापल्यावर पटल मूळ आकाराकडे परतू पाहते, म्हणजेच आक्रसते. दुसऱ्या प्रकारात पीव्हीसीचे द्रवरूप मिश्रण सपाट आधारपट्ट्यावर ओतून भट्टीत सुकवले जाते. असे ओतीव पटल सुमारे ५० मायक्रॉन इतके पातळ, जवळजवळ ताणरहित आणि पत्र्याच्या खाचाखोचांत सहज बसणारे असते. लाटीव पटलाची जाडी बहुधा ७० ते १०० मायक्रॉन असते. या लाटीव पटलाचेही दोन पोटभेद होतात : लहान रेणूंचे प्लास्टिकीकारक (प्लास्टिकला मऊपणा देणारे पदार्थ) वापरलेले स्वस्त ‘मोनोमेरिक’ पटल आणि लांब साखळीच्या रेणूंचे ‘पॉलिमेरिक’ पटल. लहान रेणू पटलातून हळूहळू बाहेर झिरपतात, काही हवेत उडून जातात तर काही चिकटद्रव्यात शिरून त्याला पातळ करतात. परिणामी पटल कडक होते, त्याच वेळी त्याची पकड ढिली पडते आणि आक्रसलेल्या अक्षराभोवती धूळ धरलेली काळपट किनार दिसू लागते.

समशीतोष्ण हवामानात उभ्या पृष्ठभागावर मोनोमेरिक पटल साधारणतः २ ते ४ वर्षे, पॉलिमेरिक ५ ते ७ वर्षे आणि ओतीव पटल ७ ते १० वर्षे टिकते, असा या व्यवसायातील ढोबळ हिशेब आहे. माहितीपत्रकातील हे आकडे भारतात जसेच्या तसे धरून चालणे चुकीचे ठरते. अतिनील किरणांनी पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागतो, पटल पिवळट व ठिसूळ होते आणि पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येते. विदर्भात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढते तेव्हा तेथील गाडीचा गडद पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. बॉनेट व टप यांसारख्या आडव्या भागांवर ऊन थेट पडते व पाणीही साचून राहते, म्हणून तेथील आयुष्य उभ्या बाजूच्या मानाने निम्मे किंवा त्याहूनही कमी धरले जाते. काळा व पांढरा हे रंग सर्वांत टिकाऊ होत. लाल रंग तुलनेने लवकर विटतो आणि झगझगीत फ्लुओरोसंट रंग तर फार थोड्या काळात फिके पडतात.

तथापि व्यवहारात अक्षर विटण्याच्या आधीच कडेने उचलले जाते. पटलाचा मधला भाग कितीही घट्ट चिकटलेला असला, तरी पाणी, धूळ आणि डिझेलचा ओशटपणा कडेवाटेच आत शिरतो; त्यामुळे बारीक रेषा, टोकदार कोपरे आणि लहान ठिपके ही अक्षरांकनाची नाजूक स्थळे ठरतात. देवनागरीच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द एकसंध तुकडा म्हणून उचलता येतो, ही सोय; परंतु संगणकावरील अक्षरांच्या बाह्यरेषा शिरोरेषेपाशी एकमेकींवर चढलेल्या असतात आणि त्या आधी एकत्र जोडून घेतल्या नाहीत, तर पाते प्रत्येक सांध्यावर चीर पाडते व काही महिन्यांत त्या चिरांपासून पटल सुटू लागते. सर्वांत आधी गळतो तो अनुस्वार, कारण त्याला चिकटण्यास क्षेत्रफळच अत्यल्प असते. ‘मंगल ट्रान्सपोर्ट’चे ‘मगल’ झालेले टेंपो महामार्गांवर आढळतात. जाणकार कारागीर अनुस्वार व रफार मुद्दाम ठळक ठेवतात आणि शक्य तेथे कोपरे किंचित गोलावतात.

डकवण्याच्या कृतीत सर्वाधिक वेळ पृष्ठभाग तयार करण्यात जातो, निदान जावयास हवा. साबणाच्या पाण्याने गाडी धुऊन झाल्यावर मेण, पॉलिश व तेलाचा अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढतात आणि ते आपोआप सुकू न देता लगेच कोरड्या फडक्याने टिपून घेतात. नव्याने रंगवलेल्या पत्र्यातून द्रावकांची वाफ काही दिवस निघत राहते व ती पटलाखाली कोंडून फुगे येतात, म्हणून रंग पूर्ण पक्का होईपर्यंत थांबणे आवश्यक असते. कापून झालेल्या पटलातील अक्षरांबाहेरचा भाग सोलून काढल्यानंतर उरलेल्या अक्षरांवर कमी चिकट असा ट्रान्सफर टेप दाबतात, मागचा सिलिकोनलेपित कागद सोडवतात आणि प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, मधून कडांकडे दाबत अक्षरे बसवतात. मोठी अक्षरे सरकवून जागेवर आणता यावीत म्हणून साबणाचे थेंब टाकलेले पाणी फवारण्याची पद्धत आहे. मात्र हे पाणी खाली अडकले तर पकड उशिरा येते, त्यामुळे रिव्हेटच्या डोक्यांवर व पन्हळींवर कोरडेच काम करणे इष्ट. अशा ठिकाणी ओतीव पटल गरम हवेच्या गनने तापवून दाबले जाते, जेणेकरून ताण निघून जावा. दाबसंवेदी, म्हणजे दाबाने पकड धरणाऱ्या, ॲक्रिलिक चिकटद्रव्याला पूर्ण बळ येण्यास एक ते तीन दिवस लागतात आणि तोवर गाडी धुणे टाळावे लागते. पावसाळ्यात हीच अट सर्रास मोडली जाते. पॉलिप्रोपिलीनच्या बंपरवर, विशेषतः तो खरखरीत असेल तर, नेहमीचे पटल नीट धरत नाही.

डकवल्यानंतरचा मोठा शत्रू म्हणजे सर्व्हिसिंग सेंटरमधील उच्चदाबाचा फवारा. तोटी सुमारे ३० सेंटिमीटरहून जवळ आणली किंवा झोत कडेच्या दिशेने तिरपा मारला, तर चांगले पटलही सोलले जाते.

काही अक्षरे व खुणा कायद्यानेच आवश्यक ठरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १३४ प्रमाणे घातक माल नेणाऱ्या वाहनावर आपत्कालीन माहितीफलक लागतो, आणि अपघाताच्या वेळी तोच वाचता आला नाही तर त्याचा उद्देशच फसतो. म्हणून तेथे स्वस्त पटल वापरणे हा काटकसरीचा चुकीचा प्रकार होय. नोंदणी क्रमांकासाठी मात्र कापीव अक्षरे चालत नाहीत, त्यासाठी उठावाचे आकडे असलेली उच्च सुरक्षा क्रमांकपाटी विहित आहे. अवजड वाहनांच्या कडांवरील प्रकाशपरावर्ती पट्ट्यांनाही स्वतंत्र मानके लागू असून साध्या रंगीत पटलाने त्यांची जागा भरून निघत नाही.

गाडी विकताना किंवा कंत्राट बदलताना अक्षरे काढावी लागतात. पटल गरम हवेने मऊ करून पृष्ठभागाशी लघुकोन राखत सावकाश ओढल्यास ते एकसंध निघते, परंतु मुदत उलटून गेलेले पटल कपच्याकपच्यांनी सुटते व मागे राहिलेला चिकटा द्रावकाने घासून काढावा लागतो. अक्षराखालचा रंग उन्हापासून वाचलेला असल्यामुळे काढलेले नाव पत्र्यावर गडद छायेच्या रूपाने वाचता येते. पॉलिशने हा फरक कमी होतो, पण बरीच वर्षे उन्हात राहिलेल्या गाडीवर तो पुरता घालवण्यास तो भाग नव्याने रंगवण्यावाचून गत्यंतर नसते. निघालेले पटल चिकटद्रव्यामुळे पुनर्चक्रणास गैरसोयीचे असते आणि जाळल्यास त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू निघतात, म्हणून ते उघड्यावर जाळणे वर्ज्य आहे.