बर्फातले बुडबुडे

न्यूट्रिनो हा विद्युत्भार नसलेला, जवळजवळ वजनहीन कण. १९३० साली पाउली यांनी केवळ ऊर्जेचा हिशेब जुळावा म्हणून तो कल्पिला. प्रत्यक्ष सापडला १९५६ मध्ये. पुढे १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. पण ते आपल्याच वातावरणात जन्मलेले. दूरच्या दीर्घिकांतून येणारे इतके विरळ, की त्यांना अडवायला खाण अपुरी. घन किलोमीटरभर पारदर्शक पदार्थ हवा. त्यात एखादा न्यूट्रिनो अणूवर आदळला, तर निघालेला भारित कण निळसर प्रकाश सांडत जातो. तो टिपायचा.

हवाईजवळच्या समुद्रात अमेरिकेने हा प्रयत्न केला. १९९३ च्या डिसेंबरात उपकरणांची पहिली माळ खोल सोडली; तिच्यात पाणी शिरले आणि १९९५ मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला.

त्याच हंगामात दक्षिण ध्रुवावर ‘अमांडा’च्या मंडळींनी गरम पाण्याच्या झोताने बर्फात विवरे पाडून आठशे ते हजार मीटर खोलीवर चार माळा उतरविल्या. पदरी निराशाच आली. बर्फात हवेचे सूक्ष्म बुडबुडे होते. त्यांवर आपटून प्रकाश विखुरला जाई आणि कणाची दिशा कळेना. आमच्या कचेरीत असती, तर त्या फाइलीवर ‘खर्च निष्फळ’ असा शेरा पडून ती दप्तरी दाखल झाली असती. पण त्याच फसलेल्या माळांनी एक मोलाची गोष्ट सांगितली: हा बर्फ प्रकाश फारच थोडा शोषतो, प्रयोगशाळेतल्या बर्फावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी. दोष पारदर्शकतेचा नव्हता, खोलीचा होता. सुमारे चौदाशे मीटरखाली दाबाने हवा बर्फाच्या स्फटिकांतच सामावते आणि बुडबुडे नाहीसे होतात. १९९५-९६ च्या हंगामात माळा दीड ते दोन किलोमीटर खोल गेल्या, आणि न्यूट्रिनो ओळखता येऊ लागले.

त्याच पायावर ‘आइसक्यूब’ उभे राहिले. २०१० च्या डिसेंबरात ते पुरे झाले: ८६ माळा, ५,१६० प्रकाशग्राही गोल. २०१३ मध्ये सूर्यमालेपलीकडून आलेल्या उच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा पहिला पुरावा जाहीर झाला. २२ सप्टेंबर २०१७ ला आलेल्या एकाचा माग तर मृगनक्षत्राच्या दिशेच्या, सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेपर्यंत लागला.

विवरातले पाणी गोठले की आतला गोल पुन्हा वर काढता येत नाही. दुरुस्ती नाही, बदली नाही. तरीही त्यांतले बहुतेक अजून काम करीत आहेत.