सर्दीच तर आहे! : कावसजीचं नाक आणि माझी पुढे गेलेली तारीख

आज आवाज बसलेला वाटेल, सांभाळून घ्या.

झालं असं, की कॉलेजात सीझन बॉल लागून वाकडं झालेलं माझं नाक सरळ करून घ्यायची तारीख ठरली होती. दोन वर्षं पैसे साठवले, रजा जुळवली, आईला कसंबसं पटवलं. आणि ऑपरेशनच्या तीन दिवस आधी ताप, खोकला, नाक चोंदलेलं. भूलतज्ज्ञ बाईंनी छाती तपासली आणि म्हणाल्या, आत्ता नाही. मी म्हटलं, "सर्दीच तर आहे!" त्या म्हणाल्या, "नाक सर्जन बघतील, मला तुमचा श्वास बघायचाय."

मग घरी पडल्यापडल्या कावसजीचं प्रकरण पुन्हा वाचलं. नावावरून पारशी वाटतो, पण अहवालात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलंय. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. नाक आणि एक हात कापून त्याला सोडलं. साधारण वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने, ज्याला आपण कुंभार वैद्य म्हणतो, त्याला नवं नाक बसवलं.

कसं, ते ऐका. आधी मेणाचं नाक करून मापाला लावायचं. ते कपाळावर सपाट पसरून कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, फक्त दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. मग कातडी फिरवून खाली आणायची आणि जोडावर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. हो, पानातला कात! चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापायची. हे सगळं 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आलं.

ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये लंडनला हेच ऑपरेशन केलं. त्याचा पहिला पेशंट म्हणजे यकृताच्या आजारावर पारा देऊन देऊन नाक झडलेला एक लष्करी अधिकारी. शरीर इतकं पोखरलेलं, की जखम भरेल की नाही याचीच शंका. म्हणून कार्प्यूने नाकाजवळ आधी बारीक छेद देऊन बघितले. ते भरून आले, तेव्हाच पुढे गेला. आमच्या भाषेत, प्रॉडक्शनला हात लावण्याआधी केलेलं टेस्टिंग.

पण सर्दीचं काय? तर कावसजीला काय किंवा त्या अधिकाऱ्याला काय, भूल नव्हतीच. वेदना भयंकर झाल्या असणार, पण श्वास त्यांचा त्यांच्या ताब्यात होता. खोकला आला तर माणूस खोकणार, घशात रक्त उतरलं तर थुंकणार. 1846 मध्ये बोस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि हिशेबच बदलला. वेदना गेली, पण श्वास दुसऱ्याच्या हाती गेला. 1847 च्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म आलं. जानेवारी 1848 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली काही मिनिटांत गेली. नखासाठी! मी त्या पानावर बराच वेळ थांबलो, कारण माझं ऑपरेशनसुद्धा काही जीव वाचवायचं नव्हतं.

सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते. भुलीखाली तिथे नळी गेली किंवा कफ-रक्ताचा थेंब उतरला, तर स्वरयंत्र एकदम आवळून बंद होऊ शकतं. आणि नाकाच्या ऑपरेशनमध्ये रक्त उतरणार ते घशातच. ताप गेला तरी हा चिडचिडेपणा काही आठवडे टिकतो. कोविडनंतर तर 2021 मध्ये 116 देशांतल्या पेशंटांची माहिती तपासून, शक्य असेल तिथे सात आठवडे थांबा असा सल्ला दिला गेला. माझी टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणून सहावरच सुटलो.

आई काढा देतेय, आणि दर वेळी "देवालाच नको होतं" हेही सोबत देतेय. नवी तारीख नेमकी आमच्या रिलीजच्या आठवड्यात आलीय. मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही.