स्कुबाचे फोटो घरीच छापायचेत? प्रिंटर घेण्याआधी हे वाचा

ठाणे : पावसाळा संपला की मालवण-तारकर्लीला स्कुबा डायव्हिंग सुरू होतं. आपल्या मुरबाड, शहापूर, भिवंडी भागातूनही मित्रमंडळी, नवी जोडपी तिकडे जातात. मासे, प्रवाळ आणि आपण, असे फोटो मोबाईलमध्ये येतात आणि मग वाटतं, आयुष्यात एकदा केलेली गोष्ट आहे, घरात फ्रेम लागली पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच जणांची खरेदी ठाण्यात नौपाड्याला होते. स्टेशनपासून चालत जाता येतं, गोखले रोड आणि राम मारुती रोडचा बाजार तिथेच. पण प्रिंटर म्हणजे काही हजारांचा मामला. म्हणून घरून निघण्याआधीच काय घ्यायचं ते ठरवून जा.

आधी फोटो बघा, मग प्रिंटर

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. साधारण ५ मीटर खोलीवरच लाल बराचसा गेलेला असतो, त्याच्यापाठोपाठ नारिंगी आणि पिवळा जातो. निळा आणि हिरवा मागे उरतो. म्हणून पाण्याखालच्या फोटोत चेहरा राखाडी-हिरवट दिसतो. मालवणच्या किनाऱ्याजवळ पाण्यात गाळ आणि सूक्ष्म वनस्पती असल्याने हिरवट झाक आणखी वाढते.

फोटोत जो लाल रंग आलेलाच नाही, तो कुठलाही महागडा प्रिंटर आणून देऊ शकत नाही. त्यामुळे छापण्याआधी मोबाईलच्या फोटो एडिटिंगमध्ये 'वॉर्म्थ' किंवा 'टेंपरेचर' थोडं वाढवा, हिरवट झाक असेल तर 'टिंट' गुलाबी बाजूला सरकवा. कातडीचा रंग माणसासारखा दिसू लागला की थांबा. जास्त ताणलं तर फोटोत दाणे दिसायला लागतात.

व्हॉट्सॲपवरचा फोटो नको

डाइव्हवाले फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. तिथे फोटो दाबला जातो, बारकावे जातात. त्यांना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा मूळ फाईल पेन ड्राइव्हवर घ्या. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके हा हिशोब धरतात. म्हणजे ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० ठिपके, सुमारे २ मेगापिक्सेल. ए४ कागदाला साडेआठ मेगापिक्सेलच्या वर लागतात.

पुष्कळदा फोटो म्हणून मिळतं ते व्हिडिओतलं एक चित्र असतं. फुल एचडी व्हिडिओतलं चित्र ४ बाय ६ पुरतं ठीक, ए४ ला फाटतं. व्हिडिओ ४के असेल तर ए४ लाही चालून जातं.

बाजारात काय मिळतं?

१) डाय-सब्लिमेशनचा छोटा प्रिंटर. उदाहरणार्थ कॅननचा सेल्फी सीपी१५००. यात पातळ शाई नसते, रंगाची पट्टी असते. कागद चार वेळा आत-बाहेर होतो : पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी पारदर्शक थर. त्या थरामुळे फोटोवर बोटाचे डाग पडत नाहीत, पाण्याचा थेंबही पुसता येतो. समुद्राचा निळा वरून खाली हळूहळू गडद होत जातो, तो यात सलग उतरतो. महिनोन्‌महिने बंद ठेवला तरी शाई वाळण्याची भीती नाही. मर्यादा एकच, फोटो पोस्टकार्डाएवढाच, १०० बाय १४८ मिलिमीटर. कागद आणि पट्टी एकत्र पाकिटात येते, त्यामुळे एका फोटोचा खर्च आधीच काढता येतो.

एक लक्षात ठेवा, वापरलेल्या पट्टीवर तुमच्या फोटोचा ठसा राहतो. टाकण्याआधी ती कापून टाका.

२) सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर. एप्सनचा एल८०५० आणि कॅननचा जी५७० या जातीतले. एप्सनमध्ये नेहमीच्या चार रंगांबरोबर फिका निळा आणि फिका किरमिजी असतो. निळ्याच्या छटा हेच ज्या फोटोचं सगळं काही आहे, त्याला हा फिका निळा उपयोगी पडतो. कॅननमध्ये जादा रंग लाल आणि राखाडी आहेत. दोन्हींवर ए४ पर्यंत छापता येतं. एल८०५० वर पीव्हीसी कार्डही निघतं, म्हणजे गावात छपाईचं छोटं काम करायचं असेल तर तोच प्रिंटर दोन्हीकडे चालेल.

मात्र तो आठवड्यातून एकदा तरी चालवावा लागतो. नाहीतर नोझल वाळतात आणि साफ करण्यातच शाई जाते. स्कुबाचे फोटो जास्त छापले तर निळी बाटली इतरांआधी संपेल, जादा आणून ठेवा.

३) चार रंगांचा साधा इंक टँक. मुलांचे प्रकल्प, सातबाऱ्याच्या प्रती यासाठी उत्तम. फोटो काढतो, पण फिक्या निळ्यात ठिपके दिसू शकतात.

४) खिशात मावणारे शाईविना प्रिंटर. गंमत म्हणून ठीक. फोटो लहान आणि रंग फिके, फ्रेमसाठी घेऊ नका.

खर्चाचा हिशोब

नुसती प्रिंटरची किंमत पाहू नका. समजा प्रिंटर १२ हजारांचा आणि कागद-पट्टीचा खर्च फोटोमागे ३० रुपये. वर्षात ४० फोटो छापले आणि प्रिंटर पाच वर्षं टिकला, तर एक फोटो ९० रुपयांना पडतो. आता शेजारच्या फोटो स्टुडिओचा दर विचारा. वर्षाला पाच-दहाच फोटो छापायचे असतील तर स्टुडिओच परवडतो. प्रिंटर घ्यावा तो घरात लग्न, बारसं, सहली असं कायम काही ना काही छापलं जात असेल तर.

दुकानात काय करायचं?

• स्वतःचा एक पाण्याखालचा फोटो मूळ फाईलसकट न्या आणि तोच छापून दाखवायला सांगा. दुकानातला नमुना फुलांचा किंवा हसऱ्या चेहऱ्याचा असतो, त्यावरून निळा कळत नाही.

• निळ्याचा जांभळा झालाय का, ते दुकानाबाहेर उजेडात येऊन पाहा.

• प्रिंटरची 'ऑटो करेक्शन' सोय बंद करून एक आणि चालू ठेवून एक प्रिंट काढा. पाणी निळं आहे ही चूक समजून ती सोय रंग बिघडवू शकते.

• कागदावरचा फोटो मोबाईलपेक्षा काळपटच दिसतो, कारण स्क्रीनला मागून उजेड असतो. उजेड थोडा वाढवून छापा.

• लांबट व्हिडिओतलं चित्र ४ बाय ६ वर छापताना दोन्ही कडा कापल्या जातात. कडेला उभा माणूस जाणार नाही ना, ते आधी पाहा.

• कागद आणि शाई कल्याणला किंवा आपल्या तालुक्याला मिळते का, ते विचारा. दर पाकिटासाठी एसटी आणि लोकलने ठाणे गाठणं परवडणारं नाही. पक्कं बिल घ्या आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही लिहून घ्या.

घरी आल्यावर फोटोचा कागद बंद पिशवीत ठेवा, पावसाळ्यात तो दमट होतो. इंक टँकवरचा फोटो काचेच्या फ्रेममध्ये, थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा. आणि मूळ फाईल दोन ठिकाणी जपून ठेवा. भिंतीवरचा कागद फिका पडला तर तिच्यावरून पुन्हा छापता येईल.