पडद्यावरील शिरस्त्राणांचे रंग



'स्टार वॉर्स' हा अमेरिकन बोलपट १९७७ सालच्या मे महिन्यांत प्रथम प्रदर्शित झाला. त्यांतील डार्थ व्हेडर या खलपुरुषाचें शिरस्त्राण कोणत्या रंगाचें, असें कोणाहि मुलाला विचारलें तर तो 'काळें' असें तत्काळ सांगेल. उत्तर अर्धेंच बरोबर आहे. शिरस्त्राणाचा वरचा घुमट काळा होता खरा. पण तोंडावरील मुखवटा काळा आणि तोफेच्या धातूसारखा करडा अशा दोन रंगांनीं रंगविलेला होता, आणि तोहि उजव्या-डाव्या बाजूंना सारखा नव्हता. निव्वळ काळी वस्तु कॅमेऱ्यापुढें आली म्हणजे तिचे उंचसखल भाग एकमेकांत बुडून जातात. करड्या छटेनें गालफडें आणि नाक उठून दिसतें. प्रेक्षक मात्र 'केवढें हें काळेंभोर!' म्हणून थक्क होतो.

अशा शिरस्त्राणांच्या हुबेहूब प्रतिकृति स्वतःच्या हातांनीं घडविणारे हौशी लोक इंग्लंड-अमेरिकेंत पुष्कळ आहेत. आकाराचा साचा काढतां येतो. रंगाचा साचा काढतां येत नाहीं. म्हणून मूळ रंग नेमका कोणता, हा प्रश्न या मंडळींना वर्षानुवर्षें छळीत आला आहे. प्रौढ माणसांनीं असले खेळ कशाला मांडावे, असें कोणी म्हणेल. मलाहि प्रथम तसेंच वाटलें होतें. पण बखर खरी कीं समकालीन पत्र खरें, हा जो वाद इतिहासाच्या अभ्यासकांत चालतो, तोच येथें रंगाच्या डबीवरून चालला आहे, असें पुढें ध्यानांत आलें.

पहिला साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष चित्रपट. परंतु हा साक्षीदार जबानी बदलणारा आहे. त्या काळच्या रंगीत प्रतींतील निळसर रंगद्रव्य कालांतरानें उडून जाई आणि सगळें चित्र तांबूस दिसूं लागे. १९९७ सालीं या बोलपटाची दुरुस्त केलेली आवृत्ति निघाली. २००४ सालीं घरगुती तबकड्या काढतांना त्याचे रंग पुन्हां फिरविण्यांत आले. मग कोणत्या सालचा निळा खरा मानावा? आपल्याकडे प्रभात कंपनीनें 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठीं १९३३ सालीं थेट जर्मनी गांठली, तरी पडद्यावर उतरलेल्या रंगांनीं समाधान झालें नाहीं. नटाच्या अंगावरचा रंग आणि फितीवरचा रंग हीं दोन निराळीं प्रकरणें आहेत.

दुसरा साक्षीदार म्हणजे मूळ वस्तु. तिच्यावर कोणाचा अविश्वास असणार? पण पांढरें एनॅमल वर्षें लोटलीं म्हणजे पिवळट पडतें, आणि हाताळणीनें कडा झिजतात. शिवाय संग्रहालयांत वस्तु पाहावयाची तीहि मंद दिव्यांखालीं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयांत १९९७ सालीं या चित्रपटांतील वस्तूंचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. अशा ठिकाणीं हातांत रंगाचा नमुना धरून मेळ जमविणाऱ्याची फसगत कशी होते, हें आपल्या घरच्या बायकांना शास्त्रज्ञांहून आधीं ठाऊक आहे. साडीला जुळणारें पोलक्याचें कापड दुकानांतल्या दिव्यांत अगदीं एक दिसतें, आणि पायरीवर येऊन उन्हांत धरलें कीं दोन रंग वेगळे होतात. म्हणूनच जाणती बाई दुकानदाराचें न ऐकतां कापड घेऊन दारापाशीं येते. कारण असें कीं, दोन रंग निराळ्या द्रव्यांपासून बनलेले असले, तर एका प्रकाशांत ते डोळ्यांना एकच भासतील आणि दुसऱ्या प्रकाशांत भासणार नाहींत. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकला-शिक्षकानें १९०५ सालीं वर्ण, उजळपणा आणि तीव्रता या तीन मापांनीं रंग मोजण्याची पद्धति पुस्तकरूपानें मांडली. आतां तर वर्णपट मोजणारीं यंत्रें आहेत. पण यंत्रालाहि वस्तूचा आजचा रंग कळतो. १९७६ सालचा कळत नाहीं.

तिसरा साक्षीदार अगदीं क्षुद्र, आणि माझ्या मतें सर्वांत विश्वासू. तो म्हणजे रंगाची डबी. १९७६ सालीं लंडनजवळच्या एल्सट्री येथें या बोलपटाचें चित्रण झालें. पोशाखांची जबाबदारी जॉन मोलो यांच्याकडे होती. ते सैनिकी गणवेशांचे अभ्यासक. त्या कामाबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. पांढऱ्या शिपायांचीं शिरस्त्राणें उष्णतेनें मऊ केलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यापासून निर्वात यंत्रानें साच्यावर ओढून काढलीं होतीं, आणि त्यांवरील करड्या खुणा व निळ्या रेघा हातानें रंगविलेल्या होत्या. मुलांच्या खेळण्यांतल्या विमानांसाठीं विकल्या जाणाऱ्या 'हंब्रोल' या इंग्रजी एनॅमलच्या डब्या हौशी मंडळी त्यासाठीं वापरतात: करड्यासाठीं ५ क्रमांक, निळ्यासाठीं १४. रेघा वांकड्या असतील तर त्या तशाच वांकड्या काढल्या पाहिजेत. प्रतिकृति मुळाहून नीटस झाली, म्हणजे ती खोटी ठरली.

१९८० सालच्या पुढील बोलपटांतील बोबा फेट याचें प्रकरण याहून बिकट आहे. त्याचा पोशाख १९७८ सालीं प्रथम पांढराच होता. पुढें जो जॉन्स्टन यांनीं तो रंगविला: हिरव्या थराखालीं रुपेरी व इतर थर, आणि जागोजाग टवके उडाल्याचा भास. १९८३ सालच्या तिसऱ्या बोलपटांत त्याच्या मनगटावरील हिरवें चिलखत तांबडें झालें. म्हणजे 'फेटचा रंग' असें म्हणून भागत नाहीं. सालहि सांगावें लागतें. छोट्या आगगाड्यांसाठीं अमेरिकेंत मिळणारे 'फ्लोक्विल' नांवाचे रंग त्यासाठीं वापरलेले असावेत, असा या मंडळींचा कयास आहे. ते रंग २०१३ सालीं बंद झाले. आतां ज्याच्या फडताळांत जुनी डबी उरली आहे, त्याच्यापाशीं जणूं मूळ दप्तरच आहे.

अशा प्रतिकृतींचा प्रश्न इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतहि गेला होता. अँड्र्यू एन्सवर्थ यांनीं पांढऱ्या शिपायांचीं शिरस्त्राणें पुन्हां विकावयास काढलीं, तेव्हां चित्रपट कंपनीनें दावा लावला; आणि २०११ सालीं न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, हें शिरस्त्राण म्हणजे शिल्प नव्हे, म्हणून शिल्पाचा हक्क त्याला तेथें लागूं नाहीं. निर्णय शिरसावंद्यच, मात्र त्यानें रंगाचा वाद मिटला नाहीं. मुळाचा पिवळटपणाहि हुबेहूब उतरवूं लागलें, म्हणजे प्रतिकृति आणि बनावट यांतली भिंत फार पातळ होते. म्हणून मला वाटतें कीं, रंग द्यावा तो चित्रणाच्या दिवशींचा, म्हातारपणचा नव्हे. आणि कोणती डबी, कोणतें साल, कोणत्या प्रकाशांत मेळ घातला, हें शिरस्त्राणाच्या आंतल्या बाजूस, डोकें टेकतें तेथें, न पुसणाऱ्या शाईनें लिहून ठेवावें.