दहा दिवस गेले कुठे?

मुलांनो, चर्च आणि विज्ञान म्हटलं की १६३३ सालचा गॅलिलिओवरचा खटला आठवतो. तो अन्याय होताच. पण तारखांचा प्रोग्रॅम लिहिताना मी जो नियम वापरतो (शतकी वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप), तोही चर्चचाच! ईस्टरची तारीख वसंतसंपातावरून ठरते आणि जुन्या कॅलेंडरात तो दहा दिवस सरकला होता. वैद्य लिलियस यांनी तोडगा काढला, जेसुइट गणिती क्लाव्हियस यांनी तो तपासला. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या हुकमाने १५८२ मध्ये इटली, स्पेनमध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ तारीख उजाडली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने मात्र पोपचं कॅलेंडर १७५२ पर्यंत स्वीकारलं नाही. आपली दिवाळीही सूर्य-चंद्राच्या गणितानेच ठरते. म्हणून सांगतो, गणित कोणाचं यापेक्षा ते बरोबर आहे का, हे आधी बघा.